बारा पीएसआय, चार अंश

घरच्या नळाची पहिली बिअर बहुतेकांच्या वाट्याला फेसाच्या रूपातच येते. केग थंड झालेला असतो, गॅसचा सिलिंडर जोडलेला असतो, मित्रमंडळी जमलेली असतात. नळाचा दांडा पुढे ओढावा, तर ग्लासाच्या तळाशी दोन बोटं बिअर आणि वर काठापर्यंत पांढरा फेस. दुसरा ग्लासही तसाच भरतो. मग हात आपसूक रेग्युलेटरच्या स्क्रूकडे जातो, कारण बिअर जोरात येते आहे म्हणजे दाब जास्त झाला असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. स्क्रू सैल केला जातो, काटा बारावरून सहावर येतो, आणि त्या क्षणापासून चांगल्या बिअरची वाट लागायला सुरुवात होते.

केगमधल्या दाबाचं मुख्य काम बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड विरघळलेलाच ठेवणं हे आहे. बिअर नळापर्यंत ढकलली जाते ती त्याच दाबामुळे, पण तो त्याचा जोडधंदा. हा दाब किती असावा, ते बिअरचं तापमान आणि बिअरचा प्रकार ठरवतात. ग्लासात धार किती वेगानं पडावी, हे ठरवायला वेगळी वस्तू असते: केगपासून नळापर्यंत जाणारी साधी प्लॅस्टिकची नळी. घरच्या ड्राफ्ट बिअरचं जवळजवळ सगळं दुखणं या दोन कामांची गल्लत केल्यानं होतं, म्हणून या प्रकरणात ती दोन्ही कामं वेगवेगळी समजून घ्यायची आहेत.

हा छंद वाढला तो मुख्यतः अमेरिकेत. तिथे दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्यानं पुढची कित्येक वर्षं बेकायदाच होतं. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरातल्या वापरासाठी वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिअर करमुक्त बनवण्याची मुभा मिळाली. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर मर्यादा निम्मी. त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पॅपेझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी घरगुती बिअर बनवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना सुरू केली. बाटल्या धुण्याचा आणि भरण्याचा कंटाळा आलेल्या या मंडळींना पुढे एक आयती वस्तू सापडली. शीतपेयांच्या कंपन्या पूर्वी सरबताचा पाक स्टेनलेस स्टीलच्या उभट टाक्यांमधून हॉटेलांना पुरवत. पाक खोक्यातल्या पिशव्यांमधून येऊ लागला तशा या टाक्या हजारोंनी मोडीत निघाल्या. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची ही टाकी जुन्या फ्रीजमध्ये नीट उभी राहते. फ्रीजच्या दाराला भोक पाडून नळ बसवला, की घरचा बार तयार. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला असा फ्रीज एखाद्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये नक्की भेटेल.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. पण पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, मग मुंबई-पुण्यात एकेक करत मायक्रोब्रुअरी उभ्या राहिल्या, आणि ताजी, नळाची बिअर इथल्या माणसाच्याही ओळखीची झाली. त्या काउंटरच्या मागे जे विज्ञान चालतं तेच गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये चालतं.

त्या विज्ञानाची सुरुवातही एका ब्रुअरीतच झाली. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक १७६७ च्या सुमारास एका ब्रुअरीच्या शेजारी राहत होते. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर एक जड वायू तरंगत राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या वायूत त्यांनी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिलं, तर पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्यांनी ही कृती छापून प्रसिद्ध केली आणि सोडावॉटरचा रस्ता मोकळा झाला. पुढे १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांचा नियम प्रसिद्ध झाला: द्रवात किती वायू विरघळेल, ते त्या वायूच्या द्रवावरील दाबाच्या प्रमाणात ठरतं. दाब दुप्पट, तर विरघळलेला वायूही दुप्पट. याला तापमानाची जोड आहे. द्रव जितका थंड, तितका त्यात वायू जास्त मावतो.

बिअरवाले हा वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये प्रमाण तापमानाला आणि दाबाला एक लिटर भरेल एवढा वायू विरघळलेला असेल, तर तो एक व्हॉल्यूम, वजनात जवळपास दोन ग्रॅम. साध्या लागर बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तीन ते चार. इंग्लंडमधल्या पारंपरिक पिंपातल्या एलमध्ये जेमतेम एक-सव्वा.

आता शीर्षकातले आकडे. चार अंश सेल्सिअसच्या बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूम गॅस टिकवायचा असेल, तर रेग्युलेटरचा काटा बारा पीएसआयवर हवा. युरोपातल्या गेजवर हेच ०.८ बार. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतात, हे आठवलं तर बारा हा किती बेताचा आकडा आहे ते कळेल. त्याच बिअरचं तापमान आठ अंश असेल तर साडेपंधरा पीएसआय लागतील. दहा अंशांना साडेसतरा. आणि मे महिन्यातल्या तीस अंशांच्या खोलीत केग बाहेर उभा असेल तर तेवढाच गॅस धरून ठेवायला अडतीस पीएसआय! एवढ्या दाबाची बिअर नळातून काढली तर ग्लासात फेसाखेरीज काही पडणार नाही. आधी थंडावा आणि मग दाब, हा क्रम असा निसर्गानंच घालून दिलेला आहे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची ड्राफ्ट बिअरबद्दलची मार्गदर्शिकाही ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३.३ अंश सेल्सिअस, हेच तापमान पायाभूत धरते.

या कोष्टकाला उंचीची एक दुरुस्ती लागते. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतं आणि डोंगरावर हवा विरळ असते. त्यामुळे तिथे गेजवर बारा दिसत असले तरी केगमधला खरा दाब समुद्रकाठच्या बारापेक्षा कमीच भरतो. दर सहाशे मीटर चढाईला साधारण एक पीएसआय वाढवावा लागतो. पॅपेझियनचं बोल्डर सोळाशे मीटरच्या वर आहे, तिथे अडीच पीएसआय जास्त लावावे लागतात. पुण्याला एक, महाबळेश्वरला दोन. मुंबईत कोष्टक जसंच्या तसं चालतं.

तापमान कुठे मोजायचं, हा प्रश्न सोपा वाटतो. बरेच जण इथेच फसतात. फ्रीजच्या आतली हवा दर वेळी दार उघडलं की बदलते. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना तिचं तापमान वर-खाली होत राहतं, बिअरचं मात्र फारसं हलत नाही. म्हणून थर्मामीटर पाण्यानं भरलेल्या ग्लासात बुडवून तो ग्लास केगच्या शेजारी रात्रभर ठेवावा आणि सकाळचा आकडा खरा मानावा. फ्रीजच्या तापमान-कंट्रोलरचा सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता केगच्या अंगाला चिकटपट्टीनं बसवावा आणि वरून जाड कापडाची घडी लावावी. एकोणीस लिटर बिअर खोलीच्या तापमानावरून चार अंशांवर यायला एक अख्खा दिवस सहज लागतो. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून दुपारी फ्रीजमध्ये ठेवलेला केग बाहेरून हाताला गार लागेल, पण त्याच्या पोटातली बिअर अजून कोमटच असेल.

फ्रीजमध्ये थंड हवा खाली बसते आणि वरचा भाग दोन-तीन अंशांनी गरम राहतो. फ्रीजच्या डोक्यावर नळाचा खांब बसवलेला असेल तर त्यातली नळी खोलीच्याच तापमानाला येते. म्हणूनच पहिला ग्लास फेसाळतो आणि लगोलग भरलेला दुसरा ठीक येतो. तेवढ्यात गार बिअरनं नळी आणि नळ दोन्ही थंड केलेले असतात. अशा वेळी दाबाला हात लावायचं काहीच कारण नाही. संगणकात असतो तसा छोटा पंखा फ्रीजच्या तळाशी ठेवून, एका नळीवाटे गार हवा खांबात सोडली की प्रश्न मिटतो.

आता पुन्हा त्या सहा पीएसआयकडे. दाब निम्म्यावर आणल्यावर काय होतं, ते केगच्या तोंडाजवळची पारदर्शक नळी नीट पाहिली की दिसतं. काही मिनिटं काहीच घडत नाही. मग नळीच्या आतल्या भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उमटतात. ते एकमेकांत मिसळत वर सरकतात आणि नळी जिथे वळते त्या उंचवट्यावर जमून राहतात. अर्ध्या तासानं तिथे बोटभर लांबीची मोकळी जागा झालेली असते, तीत बिअर नाही, नुसता गॅस. अडीच व्हॉल्यूम गॅस सहा पीएसआयच्या दाबाखाली राहू शकत नाही, म्हणून तो वाट मिळेल तिथे बाहेर पडतो. नळ उघडला की आधी एक फुसका आवाज, मग फेसाची पिचकारी, मग थोडी स्वच्छ बिअर. फेस कमी करायला केलेल्या उपायानं फेस वाढलेला असतो. आणि आठवडाभरानं केगच्या रिकाम्या जागेत उरलेला गॅस निघून गेला की तीच बिअर मचूळ लागते. एकच चूक, पण तक्रारी दोन आणि तोंडं दोन दिशांना, म्हणून लोक तिच्या मुळाशी पोचतच नाहीत.

मग वेग कमी करायचा कसा? नळी लांब करून. नळीतून वाहताना बिअरचं भिंतींशी घर्षण होतं आणि दाब हळूहळू खर्ची पडतो. केगपाशी बारा असलेला दाब नळापाशी पोचेपर्यंत जेमतेम एक उरावा, म्हणजे बिअर ग्लासात शांतपणे उतरते. नळ केगच्या मध्यापासून जितका उंच, तितका दर मीटरला साधारण दीड पीएसआय उंचीतच जातो. बाकीचं काम नळीच्या लांबीचं आणि बारीकपणाचं. घरगुती जोडणीत आतून पावणेपाच मिलिमीटर व्यासाची, म्हणजे ३/१६ इंची नळी सर्रास वापरतात. तिच्यात फुटामागे तीन पीएसआय खर्च होतात असा पुस्तकी आकडा आहे. त्या हिशेबानं एक मीटर पुरेल. पण आजच्या गुळगुळीत नळ्यांमध्ये प्रत्यक्षात घर्षण कमी भरतं, आणि एक मीटर नळीवर सुरुवात करणाऱ्याच्या ग्लासात हमखास फेस येतो. सुरुवात तीन मीटरवर करावी. धार फारच मंद वाटली तर वीतभर कापावी, पुन्हा पाहावं. कापलेली नळी लांब करता येत नाही, त्यामुळे घाई नको. जास्तीची नळी केगच्या डोक्यावर सपाट गुंडाळून ठेवावी, तिला उंच लोंबता वळसा देऊ नये, नाहीतर तिथे गॅस जमतो.

चांगल्या धारेचा वेग बारवाले सेकंदाला साठ मिलिलिटर धरतात. अर्ध्या लिटरचा ग्लास आठ-नऊ सेकंदांत भरला म्हणजे जोडणी जमली. दांडा मात्र एका झटक्यात पूर्ण उघडावा. फेसाच्या भीतीनं अर्धवट उघडलेला नळ बिअरला फटीतून फवारतो आणि तिच्यातला गॅस तिथेच मोकळा करतो.

ताज्या बिअरमध्ये गॅस भरायचे दोन रस्ते आहेत. वीस अंशांना आंबवण संपलेल्या बिअरमध्ये मुळातच ०.८५ व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो. बाकीचा बाहेरून द्यायचा. सावकाशीचा मार्ग म्हणजे केग थंड करून, बारा पीएसआय लावून दीड-दोन आठवडे विसरून जाणं. या मार्गात चूक होऊच शकत नाही, कारण त्या दाबाला मावेल तेवढाच गॅस बिअर घेते आणि थांबते. घाईचा मार्ग म्हणजे तीस पीएसआयवर दीड दिवस ठेवून मग बारावर आणणं. इथे वेळेचं भान सुटलं तर गॅस प्रमाणाबाहेर भरला जातो. तसं झालंच तर सिलिंडर बंद करून केगच्या झाकणावरचा व्हॉल्व्ह दर काही तासांनी उघडावा आणि जास्तीचा गॅस हलके हलके जाऊ द्यावा. दाब कमी करताना हा व्हॉल्व्ह उघडावा लागतोच. नुसता रेग्युलेटर फिरवून केगमध्ये आधीच साठलेला दाब उतरत नाही.

गॅस आणि ढकलण्याचा दाब यांची फारकत कुणी सगळ्यात सुंदर केली असेल, तर ती गिनेसनं. कंपनीत आलेले गणितज्ञ मायकेल अ‍ॅश यांच्या प्रयत्नांतून १९५९ मध्ये नायट्रोजनवर चालणारी ड्राफ्ट गिनेस बाजारात आली. तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण तीस पीएसआयवर लावतात. हेन्रीचा नियम प्रत्येक वायूला स्वतंत्रपणे लागू पडतो, त्यामुळे बिअरला कार्बन डायऑक्साइडचा फक्त त्याच्या वाट्याचा दाब जाणवतो आणि त्यात जेमतेम १.१ व्हॉल्यूम गॅस राहतो. नायट्रोजन पाण्यात पन्नासाहून अधिक पटींनी कमी विरघळतो, म्हणून तो ढकलायचं काम करतो आणि बिअरला चुरचुरीत करत नाही. नळाच्या तोंडाशी बारीक छिद्रांची चकती असते. तिच्यातून बिअर दाबली गेली की विरघळलेला थोडासा नायट्रोजन अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि सायीसारखा दाट फेस बसतो.

त्याच १.१ व्हॉल्यूमपाशी इंग्लंडमधली जुनी एल वेगळ्या वाटेनं पोचते. तळघरात बारा अंशांना, बाहेरून गॅस न लावता ठेवलेल्या पिंपात नेमका इतकाच गॅस राहतो, आणि तिथून बिअर हातपंपानं वर ओढतात. या पंपाची एक सुधारित रचना जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये पेटंट केली होती. कारखान्यातल्या गॅस भरलेल्या केग-बिअरनं ही परंपरा संपत आली, तेव्हा १९७१ मध्ये ‘कामरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि तिनं ती वाचवली. घरच्या नळावर इंग्लिश एल लावणाऱ्यानं तिचा मान ठेवावा: चार अंशांवर तिचा माल्टचा आणि फळांचा वास गोठून जातो, अकरा ते तेरा अंशांवर तो उमलतो. गव्हाच्या बिअरला सहा-सात अंश बरे, लागरला तीन ते पाच. एकाच फ्रीजमध्ये तिन्ही ठेवायच्या असतील तर फ्रीज लागरला लावावा आणि एल ग्लासात ओतून पाच-दहा मिनिटं टेबलावर राहू द्यावी. बर्फ साचलेला, फ्रीझरमधून काढलेला ग्लास मात्र कुठल्याच बिअरला देऊ नये. बर्फाच्या खरखरीत कणांवर गॅस फुटतो, आणि जीभ बधिर झाल्यावर चव कळत नाही ती वेगळीच.

इतकं सगळं जमूनही फेस येत असेल तर नळी आणि नळ उघडून पाहावेत. बिअरमधलं कॅल्शियम ऑक्झलेट भिंतींवर थरानं बसतं, त्यावर यीस्ट आणि जिवाणू वाढतात, आणि त्या खडबडीत थरावर बुडबुडे धरतात. दर दोन आठवड्यांनी अल्कली द्रावणानं आणि दर तीन महिन्यांनी आम्ल द्रावणानं नळी धुवावी, हा बारमधला नियम घरातही पाळावा. ग्लासाला तेलकट हात किंवा नीट न धुतलेला साबण लागला असेल तर उलटा परिणाम होतो आणि चांगला फेसही क्षणात विरतो.

राहिला सिलिंडर. त्याच्या मोठ्या दाबाच्या गेजवर किती गॅस शिल्लक आहे ते कळत नाही. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि शेवटचा थेंब असेपर्यंत दाब फक्त तापमानावर अवलंबून राहतो: वीस अंशांना सत्तावन्न बार, फ्रीजमध्ये चार अंशांना एकोणचाळीस. सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवला की काटा खाली येतो आणि माणूस गळती शोधत बसतो. खरा हिशेब तराजूवर होतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं, ते वजा केलं की झालं. एक कॉर्नी केग गॅसनं भरायला सुमारे साठ ग्रॅम लागतात आणि तो संपेपर्यंत ढकलायला आणखी सत्तरएक ग्रॅम. वजन याहून झपाट्यानं उतरत असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहावं. सिलिंडर कायम उभा, साखळीनं बांधलेला हवा. आडवा केला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, तो जमिनीलगत साठतो, त्याला वास नाही, आणि बंद तळघरात पाच किलोचा सिलिंडर रिकामा झाला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. फ्रीज तळघरात किंवा छोट्या बंद खोलीत असेल, तर कार्बन डायऑक्साइड ओळखणारा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवावा आणि तो पहिला केग जोडण्याच्या आधी बसवावा.